आधीचा फोटो

३ मार्च, सोमवार

साहेब,

आशीर्वाद वगैरे नंतर बघू. फोनवर तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ नाही. माझं निम्मं वाक्य होईपर्यंत तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस. पत्र ठेवून देता येत नाही असं नाही, पण निदान मला ते दिसत तरी नाही. बस आणि शेवटपर्यंत वाच.

काल दुपारी पार्लरमध्ये तुझा कार्यक्रम लागला होता. 'कात टाकली!' बायकांच्या कार्यक्रमाला सापाचं नाव कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. टीव्ही मी लावूनच ठेवते. वॅक्सच्या पट्ट्या ओढताना बायकांना कुठंतरी बघायला लागतं. आणि तुझा कार्यक्रम लागला की मी आवाज मोठा करते आणि खुर्चीतल्या बाईला सांगते, "हा माझ्या मुलाचा बरं का." कालही सांगितलं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

खुर्चीत आपल्या बँकवाल्या बाई होत्या, एक पाय झालेला, एक व्हायचा. पलीकडे कैची कुणाचे तरी केस कापत होती. (कैची म्हणजे माझ्याकडे नवीन आलेली. हात आणि तोंड दोन्ही सारख्याच वेगानं चालतं, म्हणून ते नाव.) तर पडद्यावर ते तुमचं वजन उतरवायच्या पावडरीचं, दोन फोटोंचं सुरू झालं. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. आधीच्या फोटोत एक बाई खिडकीपाशी उभी. आकाशी गाऊन, केस पिंजारलेले, हात दोन्हीकडं लोंबलेले, पोट पुढं. मान जराशी खाली. आणि तिच्या अंगावर तुमचे ते लाल बाण. एक हनुवटीखाली, एक पोटावर, आणि एक छातीवर, जिथं गाऊनला दोन ओले गोल उमटले होते तिथं. मागून तो तुमचा गळेपडू आवाजाचा माणूस म्हणतो, "चार पावलं चाललं, की घामाच्या धारा!" आणि मागाहून ते टेपवरचं खीखी हसणं.

कैची हसली. बँकवाल्या बाई म्हणाल्या, "शी! कशी काय बाई स्वतःची एवढी आबाळ होऊ देतात ग?" आणि हे म्हणता म्हणता त्यांनी स्वतःचा टॉप ओढून स्वतःच्या पोटावर घेतला.

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली, मेण गार झालं. तो गाऊन मी आणलाय. त्याला पुढून दोन चिरा आहेत, बाळाला पाजायला सोयीच्या, बाहेरून दिसत नाहीत अशा. दुकानात अर्धा तास घासाघीस करून आणलाय मी तो, तुझ्या बायकोसाठी.

अरे मेल्या, तो घाम नाही. ते दूध आहे.

तुम्ही किती जण बसता रे त्या थंडगार खोलीत? दहा? बारा? बाईच्या छातीवर बाण काढताना त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, की घाम काखेत येतो, पाठीवर येतो, असे दोन गोल समोर काढून येत नाही? बाळ नुसतं कुसकुसलं तरी दूध भरून येतं. कधी शेजारचं मूल रडलं तरी येतं. तुमच्यातल्या प्रत्येकानं ते प्यायलंय ना? की तुम्ही सगळे थेट आभाळातून पडलात?

मला शिसारी आली. आत जाऊन तोंडावर पाणी मारलं तरी जाईना.

आता एक ऐक. तू मुद्दाम हे केलं नसशील. घाईत फोनमधला कुठलातरी फोटो कुणाला तरी दिला असशील, त्यांनी घेतला असेल, तू नीट बघितलाही नसशील. लहानपणापासून तुझं तसंच आहे, समोरचं ताट न बघता हात घालायचा. एवढं मी मनाशी धरून आहे. म्हणून तुझ्याकडे एकच मागते. तो फोटो काढून टाक. पुढच्या रविवारच्या आत.

तुझी बायको आणि तुझी लेक ठमी माझ्याकडे आहेत का, असं तू परवा तीनदा विचारलंस. माझ्या घरात कोण झोपतं आणि माझ्या दोरीवर कुणाची लंगोटी वाळते, ते मी तुला सांगायला बांधील नाही.

आई


९ मार्च, रविवार

अरे,

तुझा निरोप मिळाला. दोन मिनिटांच्या मेसेजात काय काय बसवलंस रे! "चेहरा एवढासा आहे, कुणी ओळखणार नाही." "डेडलाइन होती, हाताशी तोच होता." "पावडर कंपनीला तोच आवडला." आणि शेवटी, "तूही आयुष्यभर तेच विकलंस ना आई?"

शेवटचं आधी घेऊ.

हो, विकलं. तीस वर्षं बायकांच्या भुवया कोरल्या, ओठांवरची लव काढली, पांढरे केस काळे केले. तुझी फी त्यातूनच गेली. माझ्या खुर्चीत बसली की प्रत्येक बाई आरशात बघते आणि आधी स्वतःला दोन शिव्या घालते, मग बोलते. "बघा ना माझा अवतार." डॉक्टरीण असो नाहीतर भाजीवाली, पहिलं वाक्य तेच. पूर्वी मला वाटायचं हा बायकांचा स्वभावच. आता वाटतं, हे त्यांना कुणीतरी घोकून घेतलंय, पाढे घोकून घेतात तसं. पण माझ्या खुर्चीत बाई स्वतःच्या पायांनी येते, आणि तिच्या समोरच्या आरशात फक्त तीच दिसते. तिचं पोट मी गावभर दाखवत नाही. एवढा फरक तुला कळत नसेल तर मग तुझं शिक्षण पाण्यात गेलं.

आता तुला सांगूनच टाकते. हो, ती इथंच आहे. आली तेव्हा "थोडे दिवस राहते" एवढंच म्हणाली, कारण सांगितलं नाही. मी म्हटलं, झालं असेल काही भांडण, दोन दिवसांत निवळेल. रविवारी टीव्ही बघितल्यावर मला उलगडा झाला. तिला त्याआधीच कळलं होतं. तिच्या एका मैत्रिणीनं तुमची जाहिरात फोनवर पाठवली. "अगं ही अगदी तुझ्यासारखी दिसते!" आणि पुढं हसून लोळणारी तोंडं. ती जाहिरात बघितली तेव्हा ठमी तिच्या मांडीवर पीत होती म्हणे.

आणि ते 'नंतर'! तो फोटो मी ओळखला नाही असं वाटलं तुला? तलावाच्या कडेला शिट्टी गळ्यात घालून उभी आहे तो. पोहायला शिकवायची ना ती, ठमी पोटात यायच्या आधी. म्हणजे तुमचं 'नंतर' दोन वर्षांपूर्वीचं, आणि तुमचं 'आधी' सहा आठवड्यांच्या बाळंतिणीचं. उलटं करून ठेवलंत सगळं. मध्ये तुमची पावडर नाही, मध्ये एक अख्खं मूल आहे! ठमीला काय फोटोतून वजा केलंत?

ही मुलगी पन्नास पोरांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या समोर पोहण्याच्या कपड्यात उभी राहायची, आणि मोठ्यानं ओरडून हात कसा मारायचा ते सांगायची. तिला कधी काही वाटलं नाही. आता ती दिवा मालवून अंघोळ करते. उकाड्यात शाल गुंडाळून बसते. आतल्या खोलीतून बाहेर येत नाही, कारण बाहेर पार्लर, आणि पार्लरभर आरसे. ताटात वाढलेलं अन्न इकडचं तिकडं करते आणि "झालं माझं" म्हणून उठते. मी अंडी करते, सूप करते, मनधरणी करत बसते. दोन घास खाईल तर शपथ. दूध कमी झालंय. ठमी ओढते ओढते आणि चिडून पाठ ताणते. काल तिच्या रडण्यानं कैचीच्या हातून एका बाईची बट जरा जास्तच गेली.

मी तुझ्या बायकोसमोर तुझी बाजू घेते, हे तुला माहीत असू दे. म्हटलं, "घाईत झालं असेल ग. तो वेंधळा आहे, वाईट नाही."  ती भिंतीकडं तोंड करून ठमीला थोपटत राहिली.

आज दुपारी पुन्हा कार्यक्रम आहे. मी बघणार आहे.

आई


१० मार्च

दाखवलात. पुन्हा. त्याच तीन बाणांसकट.

येते मी तुमच्या ऑफिसात. बघतेच.


१४ मार्च, शुक्रवार

अरे,

तू मला लिफ्टपर्यंत सोडायला आलास आणि म्हणालास, "आई, समजून घे." तेव्हा काही बोलले नाही. लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसं होती. आता बोलते.

तुमच्या खालच्या त्या मुलीनं मला पाऊण तास बसवलं. समोर भिंतीवर तुमचे विजेते. बायका बायका बायका, जोडीजोडीनं. अर्ध्यांना तर डोकीच नाहीत, मानेपासून गुडघ्यापर्यंतच. खाली किलोचा आकडा. खाटीकखान्यात तरी याहून वेगळं काय असतं? तिथं निदान जनावर मेल्यावर टांगतात.

मग तू आलास. बरोबर ती तुमची मॅडम आणि आणखी दोघं-तिघं. मी उठून उभी राहिले. आणि तू त्यांना म्हणालास, "या एक प्रेक्षक आल्यात. थोडी तक्रार आहे त्यांची."

एक प्रेक्षक.

मी तिथं बोंब मारली असती, "अरे गधड्या, मी तुझी आई!" तुला वाटलं असेल, आई समजूतदार, मुलाची लाज राखली. तसं नाही. मलाच लाज वाटली, या कंपूतल्या कुणाची तरी आई आहे हे सांगायची. म्हणून गप्प बसले. प्रेक्षक तर प्रेक्षक.

मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं. माणूस म्हणून वाईट वाटल्या नाहीत. एका डबीत काकडीचे चार काप होते, ते बोलता बोलता मोजून खावेत तसे खात होत्या. मला म्हणाल्या, "आन्टी, आम्ही तर बायकांना आत्मविश्वास देतो." मी म्हटलं, "आधी खिशातून काढून घेता, मग हप्त्यानं परत देता, तोच ना?" त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मग तुमच्या त्या कॉम्प्युटरवरच्या मुलीनं फोटो मोठा केला. भिंतीएवढा. माझ्या सुनेची छाती त्या भिंतीवर, आणि तुम्ही पाच जण मान तिरकी करून बघताय. तूही बघत होतास. तुझी बायको आहे ती! मी बोट ठेवून सांगितलं, "हे दूध आहे. ही बाई बाळंतीण आहे."

 मग तो दाढीवाला पोरगा, तुझ्या शेजारचा, "ई" म्हणाला आणि मागं सरकला. घाम होता तोवर त्याला मजा वाटत होती. दूध म्हटल्यावर किळस आली. मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिले. त्याच्या आईनं त्याला काय पाजलं असेल, खडूचं पाणी?

आणि मग त्या मुलीनं विचारलं, अगदी मदत करायच्या सुरात, "डाग काढून टाकू का?"

मॅडम म्हणाल्या, "हो, ते बरं दिसेल. आणि चेहराही ब्लर करा. म्हणजे प्रश्नच मिटला."

आणि तू मान डोलावलीस. मी बघितलं, तू सुटल्यासारखा श्वास सोडलास. खरंच तुला वाटलं ना, प्रश्न मिटला?

अरे, त्या अख्ख्या फोटोत माणसाचं असं काही होतं तर ते दोनच, तिचा चेहरा आणि ठमीचं दूध. ती दोनच तेवढी पुसायची, आणि पोट ठेवायचं. हे असलं काम तुम्हाला कुठल्या कॉलेजात शिकवतात?

परत येताना बसमध्ये मी पदर तोंडाला लावून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, गाडी लागते का. म्हटलं, हो.

घरी तिनं काही विचारलं नाही. मीच सांगितलं, चेहरा झाकणार आहेत. "बरं," म्हणाली. पण एवढं करूनही मी तिला पुन्हा तेच म्हटलं, की तो तिथं फार लहान माणूस आहे, त्याच्या हातात नसेल, त्यानं काही मुद्दाम केलं नाही. तुझ्या मायेपोटी हे सगळं म्हणतेय मी. इतका तर माझा हक्क ठेव, की हे म्हणताना माझी जीभ अडखळू नये.

आई


२४ मार्च, सोमवार

अरे,

काल काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मीच लिहिते.

फोटो आला. चेहऱ्याच्या जागी दुधी काचेचा ठिपका, गाऊन स्वच्छ कोरडा. बाण मात्र तीनच्या तीन. छातीवरचा बाण काढायचा विसरलात का? आता काय दाखवत होता तो? तुमच्या त्या गळेपडूनं म्हटलं, "ओळखा पाहू, ही तुमच्या घरातली तर नाही?" आणि खीखी.

बँकवाल्या बाई फेसपॅक लावून बसल्या होत्या. पॅक वाळत आला की बोलायचं नसतं, चिरा पडतात. तरी ओठ न हलवता त्या म्हणाल्या, "आता तर तोंडपण झाकलं. तिलाच बघवलं नसेल." कैची यावेळी हसली नाही. तिला मी सांगितलं होतं.

आणि आतलं दार उघडलं. तुझी बायको. ठमी कडेवर. शाल नव्हती. महिनाभरात पहिल्यांदा ती एवढ्या आरशांमध्ये आली होती, आणि प्रत्येक आरशात ती दिसत होती.

"मी आहे ती," म्हणाली.

कुणाला आधी कळेचना. मग ती टीव्हीपाशी गेली आणि वर्गात फळ्यावर दाखवतात तसं बोट ठेवून सांगायला लागली. आवाज पोहायला शिकवताना लावायची तसा मोठा लावला. "इथं दूध आलं होतं, ते पुसलंय. हे पोट या फोटोच्या सहा आठवडे आधी रिकामं झालं होतं. ही होती आत. आणि हा नंतरचा फोटो नाही, हा आधीचा आहे. पावडर मी आयुष्यात खाल्लेली नाही."

बँकवाल्या बाई उठून उभ्या राहिल्या. पॅकला सगळीकडून तडे गेले, गालावरून खपल्या पडायला लागल्या, तरी बोलल्या. "माझ्या धाकट्याच्या वेळी मी ऑफिसात दिवसभर छातीशी फाईल धरून हिंडायचे. साहेब म्हणायचा, बाई फार कामसू आहेत." त्यांना हसू फुटलं आणि मग रडू. कैची म्हणाली, तिच्या बहिणीनं तर कापसाच्या घड्या घालून घालून अंगावर पुरळ आणून घेतलं होतं, पण डाग दिसू दिला नाही. डाय लावून बसलेल्या एक आजी, ज्यांना आम्ही कधी दोन शब्द बोलताना ऐकलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "मला तर नवऱ्यानं त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत झोपायला सांगितलं. वास येतो म्हणे." किती वर्षं झाली असतील त्याला! अजून त्यांच्या तोंडावरून तो अपमान गेला नव्हता.

मी टीव्ही बंद केला. माझ्या दुकानात पुन्हा तो लागणार नाही.

रात्री तुझी बायको स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, भूक लागलीये." तीन अंडी खाल्ली. मी पाठ फिरवून भांडी घासत बसले, मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

हे सगळं तुला टोचायला लिहीत नाहीये. म्हणजे, टोचायलाही लिहितेय. पण मुख्य म्हणजे अजून वेळ आहे. तू ये, तिच्यासमोर बस, आणि सांग की मी घाबरलो होतो, हातात आलं ते दिलं. ती ऐकेल. मी ऐकवीन तिला.

आई


४ एप्रिल, शुक्रवार

अरे,

तुझं पत्र मिळालं. चक्क पत्र! अक्षर अजून तसंच, उजवीकडं कललेलं. फोटो काढून टाकलास, इथून पुढं कुठंही दिसणार नाही. मॅडमशी भांडलास. रविवारी येतोस, दोघींना घरी न्यायला. आणि शेवटी लिहिलंयस, "आई, तूच मला ओळखतेस. मी मुद्दाम केलं नाही."

ते वाचून मला इतकं हलकं वाटलं! खोटं का सांगू, पत्र छातीशी धरलं. म्हटलं, माझाच आहे, चुकला होता, आला ताळ्यावर.

लगेच आत गेले. ती ठमीला पाजत बसली होती, खिडकी उघडी, शाल नाही. ठमी आता पुन्हा पोटभर पिते, पिता पिता तिच्या बोटाशी खेळते. मी पत्र वाचून दाखवलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. आणि वर माझीही भर घातली. "बघ, मी म्हणत नव्हते? त्यानं आपला ठमीच्या आठवणीसाठी काढला असेल फोटो, पुढं घाईत कुणाच्या तरी हाती गेला. आता झालं गेलं सोड."

तिनं ठमीला या बाजूकडून त्या बाजूला घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, तुम्ही सारखं हेच म्हणत होतात, म्हणून मी सांगितलं नाही. तुम्हाला त्रास झाला असता."

मी म्हटलं, काय सांगितलं नाहीस?

तिनं सांगितलं. रागानं नाही रे. एखादी जुनी गोष्ट सांगावी तशी. तिच्याच शब्दांत लिहिते, माझे शब्द मध्ये नकोत.

"ठमी नुकतीच पिऊन झोपली होती. तो म्हणाला, खिडकीपाशी उभी राहा, आठवण म्हणून एक काढू. मी केस सारखे करायला लागले, तर म्हणाला, राहू दे ग, असेच छान आहेत. मी पोट आत घेतलं, फोटो म्हटलं की सगळ्याच घेतात. तर म्हणाला, सोड सैल, माझ्यासमोर कसली लाज? मला इतकं बरं वाटलं आई. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणत होतं की आहेस तशी राहा. मी त्याच्याकडं बघून हसले. तर म्हणाला, हसू नकोस. मला वाटलं, ठमी उठेल म्हणून."

एवढंच. मग ती ठमीला खांद्यावर घेऊन ढेकर काढायला पाठीवर थोपटायला लागली.

मी तिथंच बसले होते.  बाहेरून कैचीनं दोनदा हाक मारली.

तीस वर्षं बायका माझ्याकडे फोटो काढायला जायच्या आधी येतात. प्रत्येकीला घरचं माणूस एकच सांगतं, हस. मुलाचा फोटो असो, आजारी माणसाचा असो, पासपोर्टचा सोडला तर कुणीही कुणाला दुसरं काही सांगत नाही. हसणाऱ्या बाईला हसू नकोस तोच सांगतो, ज्याला ती न हसलेलीच हवी असते. केस नको विंचरूस, पोट सोड, हसू नकोस. पलंगावर तुझी सहा आठवड्यांची मुलगी झोपली होती, आणि तू तिच्या आईला लाडीगोडी लावून तुझ्या बाणांसाठी उभी करत होतास.

आणि हे मी चार पत्रांत तुझ्या वतीनं खोडत बसले होते!

मॅडमची मला किळस आली होती, त्या दाढीवाल्याची आली होती. पण ती बाहेरची माणसं, बसमधून उतरले की संपली. आता मला माझ्याच हाताची किळस येतेय, ज्यानं तुला भरवलं. हे लिहिताना मला बरं वाटतंय असं समजू नकोस.

रविवारी ये. तिला विचारलं, येऊ दे का? म्हणाली, "ठमीचा बाप आहे, येऊ दे. पण मी नसेन." ती तलावावर जाणार आहे. पुन्हा शिकवायचं का ते विचारायला बोलावलंय तिला. तिनं जुना पोहण्याचा कपडा काढून बघितला, तो होत नाही. मग दुकानात गेली आणि होईल तो घेऊन आली.

तू ठमीला तासभर घे. पाळण्यात ती हसेल, ती आता कुणाकडंही बघून हसते. फोन माझ्याकडं देऊन आत जायचं.

या पत्राला उत्तर नको. तिला तुला काही विचारायचं नाहीये, तिला कधीचंच कळलं होतं. विचारायचं होतं ते मला होतं, आणि आता मलाही नाही.

खाली 'तुझी' लिहायला गेले, हात होईना.

आई